बाळीची तीन मिनिटं

९ जानेवारी

बिट्टी,

मानवी संस्कृतीचा ऱ्हास नेमका कुठून सुरू झाला, यावर विद्वानांमध्ये मतभेद असतील. माझ्या मनात काही शंका नाही. तो आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून सुरू झाला. तिथे राहणारे निवृत्त मुख्याध्यापक सव्वीस दिवसांपूर्वी माझी शिडी घेऊन गेले, आणि ती अजून चौथ्या मजल्यावर परतलेली नाही. ज्या गृहस्थानं पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून 'वस्तू जिथून घेतली तिथे ठेवावी' असं शंभर-शंभर वेळा लिहून घेतलं, त्याची ही तऱ्हा. दर दोन-चार महिन्यांनी बेल वाजते. दारात सर. "शिडी जरा नेऊ का?" हे ते इतक्या अदबीनं विचारतात की नाही म्हणणारा माणूस आपल्याच नजरेतून उतरावा. "न्या की सर," मी म्हणतो. दिलदारपणाचं माझं वार्षिक खातं या एका वाक्यावर चालतं.

एरवी मी शिडीला विचारलंही नसतं. पण तू काकांच्या फिल्मचा डबा मागितलास, आणि तो आहे माळ्यावर. तुझ्या वडिलांनी काढलेल्या त्या मुक्या फिल्म आमच्याच घरी भिंतीवर चादर लावून दाखवल्या जायच्या, म्हणून डबाही इथेच राहिला. काका गेले, आता तुला तो हवा हे रास्तच आहे. शिडी आली की पाठवतो.

पत्रच लिहितोय, कारण फोनवर बोललो की पलीकडच्या खोलीतून आई उत्तरं देते. तिचं हृदय थकलंय, पाय सुजतात, पण कान अजून पंचविशीतले आहेत. डॉक्टर म्हणाले, आता जपायचं. किती दिवस ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परवा एकानं विचारलं, तुमची मावसबहीण काय करते? म्हटलं, नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या नाकात थेंब सोडते आणि त्यांचा मेंदू दुरुस्त होण्याची वाट बघते. तो म्हणाला, माझ्या मेहुण्याला मोठेपणी सोडता येतील का?

तुझा
दादा

२१ जानेवारी

प्रिय दादा,

शिडीच्या दुःखात सहभागी आहे. जिन्यात शोकसभा ठेव.

ते थेंब तुझ्या स्तंभात छापायच्या आधी एकदा नीट समजून घे. जन्माच्या वेळी काही बाळांच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. अशा बाळाला पहिल्या सहा तासांच्या आत थंड करायला घेतात, तीन दिवस तसंच ठेवतात. त्यानं पुढचं नुकसान बरंचसं अडतं. पण जे झालं ते झालंच. ते भरून निघेल का, हे आम्ही बघतोय. नाकातून मेंदूकडे जायला वाट जवळची, म्हणून पेशींचे थेंब नाकात. या पेशी स्वतः मेंदू बनत नाहीत. त्या मेंदूच्याच पेशींना कामाला लावतात. गवंडी नव्हेत, मुकादम. उंदरांमध्ये उपयोग झाला. बाळांमध्ये होतो की नाही ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर चाचणी.

माझं काम मात्र थेंबांचं नाही. मी बघते. बिनखिडकीची खोली, दोन खुर्च्या, मी आणि एक सहकारी, दोघींची तोंडं दोन भिंतींना. पडद्यावर तीन महिन्यांचं बाळ. उताणं, जागं, हातात खेळणं नाही, आवाज बंद. नाव नाही, फक्त क्रमांक. थेंब खरे मिळाले की साधं पाणी, तेही आम्हाला माहीत नसतं. आम्ही फक्त चुळबूळ शोधतो. धडधाकट बाळ या वयात सतत बारीक चुळबूळ करतं. मनगटं, घोटे, मान, सगळं गोल गोल, छोटं छोटं, जसं कुणी आतून ढवळतंय. ज्या बाळाच्या मेंदूला मार बसलाय त्याच्यात ती बहुतेक दिसत नाही. बाळ छान असतं, गुबगुबीत असतं, हसतंसुद्धा. फक्त चुळबूळ नसते. मी 'नाही' असं लिहिते आणि पुढचा क्रमांक लावते. त्याच्या आईच्या आधी मला कळलेलं असतं, आणि ती आई कोण ते मला कधीच कळत नाही. जेवताना, लिफ्टमध्ये, मला ती न हलणारी मनगटं दिसत राहतात.

आता खरं कारण. त्या डब्यात बाळीची फिल्म आहे का? बाबा म्हणायचे, ती तान्ही असताना त्यांनी एक रीळ काढलं होतं. मी तिच्यानंतर तीन वर्षांनी जन्मले. मला आठवते ती खुर्चीत बांधून बसवलेली मोठी बाळी, बावीस वर्षांची होऊनही बाळीच. या कामात मी तुझ्या या बहिणीमुळे आले. मुलाखतीत मात्र दुसरंच कारण सांगितलं होतं.

मावशीला नमस्कार. तिनं हे ऐकलं असेल तर उत्तर कळव.

बिट्टी

६ फेब्रुवारी

बिट्टी,

टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी. या वयात आणि या वजनात. डबा काढला. आई खालून म्हणाली, "पडलास तर मला उचलता यायचं नाही, आधीच सांगते." डबा आजच पाठवला. बाळीचं रीळ त्यात आहे, झाकणावर काकांच्या अक्षरात तारीखही आहे.

पुढचं वाचताना हसू नकोस. चोपन्न वर्षांत हे पहिल्यांदा कागदावर येतंय, आणि मी तर चहाच्या गाळणीवरही लेख लिहिलेला माणूस आहे.

मी आठ वर्षांचा होतो. सहामाहीचा निकाल लागला, गणितात पहिला आलो. घरी आलो तर आई मागच्या बाजूला कपडे धूत होती. बाळी पाळण्यात, जेमतेम साडेपाच महिन्यांची. मला कुणाला तरी प्रगतिपुस्तक दाखवायचं होतं. मी तिला उचललं. एका हातात ती, एका हातात पुस्तक. ती एकदम धनुष्यासारखी ताठ झाली, मागे वाकली आणि सटकली. फरशीवर. डोक्यावर.

ती फारशी रडलीसुद्धा नाही. मी तिला उचलून पाळण्यात ठेवलं. आई आली तेव्हा मी गृहपाठ करत होतो. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हिचं काहीतरी बिघडलंय. घरात रडारड झाली. काय बिघडलंय ते मला ठाऊक होतं. कुणी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बावीस वर्षं मी तिला भरवलं, उचललं, एकदाही पडू दिलं नाही. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

लग्न का केलं नाहीस, असं तू एकदा विचारलं होतंस. तेव्हा मी विनोद केला होता. चांगला झाला होता, मला आठवतो.

आई असेपर्यंत तिला हे सांगायचंय. याच महिन्यात. पण तू तज्ज्ञ आहेस. तेवढ्या पडण्यानं तसं होऊ शकतं का? सरळ सांग. मला थंडबिंड करायची गरज नाही.

शिडी अजून खालीच.

दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

मावशीला अजून काही सांगू नकोस. मी कळवेपर्यंत थांब.

डब्यावर २० ऑगस्ट आहे. बाळीचा वाढदिवस ११ मे, हे मला पाठ आहे. म्हणजे फिल्ममध्ये ती चौदा आठवड्यांची. तू म्हणतोस ती घटना नक्की कधीची? अंदाज नको, पुरावा हवा.

बिट्टी

२५ फेब्रुवारी

बिट्टी,

माझ्याकडे पुरावा मागणारी तू पहिलीच. वाचक तर मला कायम पुराव्याशिवायच शिव्या देतात.

प्रगतिपुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. ३० ऑक्टोबर. वर्गशिक्षिकांची सही आहे. वडिलांची सही नाही, कारण मी ते कुणाला दाखवलंच नाही. पहिल्या पानावर एक डाग आहे.

सरांनी काल शिडी आणून दिली. पुसून. "तुमची फार अडचण केली," म्हणाले. मी म्हटलं, "छे छे, काही नाही." मनातलं लिहीत नाही.

थांबलोय. पण आई थांबेल का, हे तिच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. लवकर लिही.

दादा

२० मार्च

दादा,

बस आधी.

मी एकटीनं बघून सांगितलं असतं तर ते बहिणीचं बोलणं झालं असतं. म्हणून घाई केली नाही. इथल्या सहकाऱ्यांकडून त्यांच्या घरच्या जुन्या फिल्म मागवल्या, तान्ह्या बाळांच्या. नऊ मिळाल्या. बाळीची दहावी. सगळ्या सारख्याच काळ्यापांढऱ्या करून, क्रमांक घालून, कामाचे तास संपल्यावर माझंच काम करणाऱ्या दोघींना बघायला दिल्या. दोघींना एकमेकींची नोंद माहीत नव्हती, फिल्म कुणाच्या तेही नाही. दोघींनी नऊ बाळांसमोर 'चुळबूळ आहे' लिहिलं. एका क्रमांकासमोर दोघींनी 'नाही'.

ती बाळी. २० ऑगस्टची. तू तिला पाडलंस त्याच्या दहा आठवडे आधीची.

एका फिल्मवरून आम्ही रोगाचं नाव ठेवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तुझ्या पत्रात तूच दुसरा पुरावा दिलायस आणि तुला तो कळला नाही. ती धनुष्यासारखी ताठ झाली, मागे वाकली, मग सटकली. तसं ताठ होणं हे त्याच इजेचं लक्षण. तुझ्या हातून पडली म्हणून ती तशी झाली नाही, दादा. ती तशी होती म्हणून तुझ्या हातून पडली. जे काही झालं ते जन्माच्या वेळचं किंवा त्याआधीचं. तू त्या वेळी दुसरीत गुणाकार करत होतास.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात तिची तीन मिनिटं आहेत, आणि शेवटचे अकरा सेकंद वेगळे काढलेत. ते मला कापावे लागले, कारण बघशील तेव्हा कळेल. नाहीतर नोंद चुकली असती.

आता ऊठ आणि पळत मावशीकडे जा. सगळं सांग. पडणंही सांग आणि निकालही सांग. सेहेचाळीस वर्षं झाली, पुरे.

बिट्टी

२ एप्रिल

बिट्टी,

पळत गेलो नाही. चालत गेलो. तुझं पत्र खिशात.

आई उशीला टेकून समोरच्या बाल्कनीतले कपडे तपासत होती. "नीट पिळलेले नाहीत," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "खिशात काय आहे? बिल असेल तर उद्या दाखव."

मी म्हटलं, "आई, बाळीला मी पाडलं होतं. लहानपणी. डोक्यावर पडली होती."

"माहीत आहे," आई म्हणाली. "दारात होते मी. हातात बादली होती."

मी पलंगाच्या कडेला टेकलो.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? एवढासा तू. तिला ठेवलंस आणि शर्टानं प्रगतिपुस्तक पुसत बसलास. तिची लाळ पडली होती त्याच्यावर." मग तिनं पुन्हा समोरच्या कपड्यांकडे बघितलं. "ती झाली त्या दिवशीचं तुला काय माहीत? दुपारी दोनपासून कळा होत्या मला. समोरचा शिंपी दोनदा येऊन गेला, गाडी काढतो म्हणाला. मी म्हटलं, नको, सहाला ह्यांची पाळी सुटेल, हे आले की जाऊ. घराला कुलूप लावून परक्याबरोबर जायचं कसंतरी वाटलं. चार तास. खिडकीत उभी राहून रस्ता बघत होते. आणि बाळी आली ती निळी आली."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. लवकर आले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय रे? ती हात हलवायची नाही. मला दिसायचं ना. तूच धरून हलवायचास. मी रोज ते चार तास मोजायची. मग तू तिला पाडलंस." इथे आईनं माझ्याकडे बघितलं. "आणि मला हायसं वाटलं. पोटच्या पोराच्या हातून पोर पडली आणि आईला हायसं वाटलं. पण वाटलं. म्हटलं, हे पडल्यानं झालंय. पोरांच्या हातून पडतंच काहीबाही. यात कुणाचा दोष नाही. तुला लक्षात असेल असं वाटलं नव्हतं मला. तू तर हसतखेळत होतास."

मी हसतखेळतच असतो. माझा धंदाच तो.

मग ती म्हणाली, "बिट्टीनं फिल्म बघितली ना? काय म्हणते? पडल्यानंच ना ते?"

तुझं पत्र खिशात होतं. दोघींच्या नोंदींचं, दहा फिल्मांचं, इतकं चोख. मी 'हो' म्हटलं.

"पडल्यानंच. तसंच लिहिलंय तिनं."

"वाच."

तुझ्या पत्राची घडी उघडून मी मोठ्यानं वाचलं. जे त्यात नाही ते. दोघींनी बघितलं, चुळबूळ व्यवस्थित होती, ऑगस्टपर्यंत पोर अगदी छान होती, मावशीला सांग. तुझ्यासारखे खडूस दोन टोमणेही घातले, म्हणजे खरं वाटावं. तुझ्यावतीनं सर्वांना नमस्कार सांगितला.

आईनं डोळे मिटले. मग हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाली. "लहान होतास."

जे मी केलं नाही त्याची माफी मला मिळाली, आणि ती मी घेतली. तू मला मोकळं केलंस, बिट्टी, आणि मी ते मोकळेपण तासाभरातच देऊन टाकलं. तुझी एवढी मेहनत. रागावू नकोस. आणि तिनं तुला फोन केला, तर तुझ्या हिमतीवर सोडतो.

दादा

११ एप्रिल

दादा,

तिचा फोन तुझ्या पत्राच्या आधी आला.

मला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बिट्टी, दादानं पत्र वाचून दाखवलं. तू अक्षर सुधार, त्याला वाचताना फार अडखळायला होत होतं." मग म्हणाली, "एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. तोपर्यंत पोर छान होती ना?"

तू निकाल उलटा का वाचलास ते मला कळलं नाही. पण तू उगाच उलटा वाचणार नाहीस, एवढं कळलं. समोर कपाट होतं, कपाटात दोघींच्या नोंदी. मी म्हटलं, "हो मावशी. छान होती. चुळबुळी होती."

इतक्या वर्षांत मी लिहिलेला एकही निकाल खोटा नाही. हा पहिला. तोंडी.

तुझं पत्र आल्यावर आणखी एक सांगायला हवं असं वाटलं. फिल्मवरून मला एवढंच सांगता येतं, की ते तुझ्या पाडण्यानं झालं नाही. त्या चार तासांनी झालं, असंही मी म्हणू शकत नाही. पोटात असताना आधीच झालं असेल. शिंप्याच्या गाडीतून गेली असती तरी बाळी निळीच आली असती, हेही शक्य आहे. हे खरं मावशीला सांगता आलं असतं. पण 'सांगता येत नाही' हेच उत्तर तिनं एकदा ऐकलंय, आणि त्याच्यासोबत ती पाच महिने राहिली आहे. मी तेच पुन्हा कसं देऊ?

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तेव्हा आमचे थेंब असते तर? माहीत नाही. आजही माहीत नाही. या आठवड्यात अकरा क्रमांक बघितले. चार 'नाही'.

अकरा सेकंद बघितलेस का?

बिट्टी

३ जून

बिट्टी,

तू येऊन गेलीस त्याला महिना झाला. आईच्या पलंगावर आता इस्त्रीचे कपडे असतात. समोरच्या बाल्कनीत अजून कुणी नीट पिळत नाही, आणि सांगणारंही कुणी नाही. फोनवर बोललो तरी पलीकडून उत्तर येत नाही. तरी पत्रच लिहितोय. सवय.

अकरा सेकंद तू असताना बघायचं टाळलं. काल दुपारी बघितले. आधी तिची तीन मिनिटं. ती उताणी, डोळे टक्क उघडे, दोन्ही मुठी दोन बाजूंना ठेवून दिल्यासारख्या. काका कॅमेरा फिरवत नाहीत, काहीतरी होईल म्हणून वाट बघतात. काहीच होत नाही. मग चौकटीत एक बारकासा हात येतो. शाईचा डाग पडलेला. तो तिचं मनगट धरतो आणि गोल गोल फिरवतो. मग दुसरं. बाळी हसते.

हे तू कापलंस ते कळलं. नाहीतर माझी चुळबूळ तिच्या नावावर लागली असती.

तेव्हापासून माझी बोटं स्वस्थ बसत नाहीत. टेबलावर, जिन्याच्या कठड्यावर. दुकानात एका बाईच्या कडेवर तान्हं होतं, मी त्याच्या मनगटांकडेच बघत राहिलो. बाई सरकून उभी राहिली. तुला हे रोजच होत असेल.

फिल्मचा डबा तूच ठेव. माळा रिकामा करायला शिडी काढली आणि सहज पुसायला घेतली. सर पुसून देतात, मी कधी पुसली नव्हती. सगळ्यात खालच्या पायरीच्या मागच्या बाजूला, लाकडात, तापलेल्या खिळ्यानं कोरलेली अक्षरं आहेत. शाळेत डेस्कवर कोरतात तशी. माझ्या नावाची नाहीत.

मग आठवलं. बाळी गेली तेव्हा तिचा फोटो वर लावायचा होता. मी खालून शिडी मागून आणली होती. ती परत करायची राहिली. चोवीस वर्षं सर दर दोन-चार महिन्यांनी वर येऊन, बेल वाजवून, स्वतःचीच शिडी माझ्याकडे मागतात. शिवाय पुसून परत आणून देतात.

आत्ताच खाली नेऊन दिली. सरांनी दार उघडलं. मी काहीतरी बोलायच्या आधीच ते म्हणाले, "अहो, असू द्यायची होती. तुम्हाला लागेल."

मी म्हटलं, "माझं झालं, सर."

त्यांनी शिडी भिंतीला टेकवून ठेवली. मी वर आलो.

दादा